‘डिसकम्फर्ट’ लिहिण्याआधी

(हाटकेश, मीरा रोड येथे आरोग्य-स्वयंसेवक व वसतिगृहातील मुलींच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

दारापाशी उभ्या असलेल्या मुलींनी पुढे येऊन सतरंजीवर बसावं. शेजारच्या गाळ्यातलं यंत्र सहा वाजेपर्यंत चालतं, त्यामुळे मागे काही ऐकू येणार नाही. हाटकेशला राहायचं म्हणजे आवाजाशी जुळवून घ्यायचं, हे तुम्हाला माहीत आहेच.

एखाद्या इंग्रजी शब्दावर बोला, असं मला सांगण्यात आलं. शब्द मात्र मी निवडलेला नाही. शनिवारच्या इंग्रजीच्या वर्गात एका मुलीने तो माझ्यासमोर ठेवला. तिच्या हातात तिच्या मावशीचा केसपेपर होता. त्यावर लिहिलं होतं, ‘सी-ओ ॲबडॉमिनल डिसकम्फर्ट, थ्री डेज’. सी-ओ म्हणजे कम्प्लेन्स ऑफ, पेशंटची तक्रार. हे तिला ठाऊक होतं. ॲबडॉमिनल म्हणजे पोटाचं, हेही आपण मागेच शिकलो. तिने विचारलं ते एवढंच: “सिस्टर, डिसकम्फर्ट म्हणजे दुखतंय, की दुखत नाहीये?”

चौतीस वर्षं मी वॉर्डात काम केलं. हा शब्द हजारो कागदांवर वाचला. पण असा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

आम्ही शब्दकोश काढला. त्यात दोन अर्थ होते, अस्वस्थता आणि गैरसोय. मग मी मुलीला विचारलं, मावशीने डॉक्टरांना काय सांगितलं होतं? ती सोबत गेली होती, त्यामुळे तिला सगळं आठवत होतं. मावशी म्हणाली होती, “जेवल्यावर उजव्या बरगडीखाली पिळवटून येतं, मागे पाठीत जातं, मग आपोआप सुटतं.” आता बघा. एका वाक्यात बाईने कधी, कुठे, कसं, किती वेळ आणि कुठपर्यंत, सगळं सांगून टाकलं. कागदावर त्यातला एकच शब्द उतरला, आणि तोही तिचा नव्हे. तिला गॅसच्या गोळ्या मिळाल्या. पुढे दुसरीकडे सोनोग्राफी झाली तेव्हा पित्ताशयात खडे निघाले. ज्याने पहिल्या पानावर ती ओळ लिहिली त्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. दीडशे माणसांची रांग असली की हात आखूड शब्द शोधतोच. पण आपण रांगेत पेशंटच्या बाजूला उभे असतो, टेबलाच्या पलीकडे नसतो. आपल्याला घाई करून चालणार नाही.

तर हा शब्द मुळापासून पाहू. मला त्यात मजा वाटते, तुम्ही सहन करा.

‘डिस’ म्हणजे नसणं, आणि ‘कम्फर्ट’. कम्फर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गादी आणि एसी येतो. पण हा शब्द लॅटिनमधल्या ‘फोर्तिस’पासून आला आहे. फोर्तिस म्हणजे बळकट. चर्चगेटला उतरून फोर्टात आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. तो फोर्ट, म्हणजे किल्ला, त्याच मुळातला. जुन्या काळी एखाद्याला कम्फर्ट देणं म्हणजे त्याला बळ देणं, धीर देणं. गादीशी त्याचा काही संबंध नव्हता. आणि डिसकम्फर्ट म्हणजे धीर खचवणं, हिंमत काढून घेणं. इंग्रजीत सुरुवातीला तो असाच वापरत. पुढे माणसं सुखवस्तू झाली आणि शब्दही मऊ झाला. आज बूट चावला तरी डिसकम्फर्ट, आणि पंखा बंद पडला तरी डिसकम्फर्ट. पण वॉर्डातल्या पेशंटकडे पाहिलं की मला जुनाच अर्थ खरा वाटतो. विक्रमगडहून पहाटे निघून, दोन वाहनं बदलून आलेला माणूस रांगेत उकिडवा बसतो, तेव्हा त्याचं अंग तर दुखत असतंच, शिवाय त्याचा धीर सुटत चाललेला असतो.

आता वापर. मुलींनो, हे वहीत लिहा. डिसकम्फर्ट हे नाम आहे. ‘आय ॲम डिसकम्फर्ट’ असं म्हणायचं नाही. ते ‘मी अस्वस्थता आहे’ म्हटल्यासारखं होतं. ‘आय हॅव सम डिसकम्फर्ट इन माय चेस्ट’ हे बरोबर. स्वतःबद्दल सांगायचं असेल तर ‘आय फील अनकम्फर्टेबल’. गंमत अशी की अनकम्फर्टेबल माणूसही असतो आणि खुर्चीही असते. बसणारा अनकम्फर्टेबल, कारण खुर्ची अनकम्फर्टेबल. एका मुलीने लगेच विचारलं, खुर्चीला काय होतंय? खुर्चीला काही होत नाही, ती दुसऱ्याला करते.

आणि हे आपल्याकडेही आहे. शब्दकोशातली ‘अस्वस्थता’ मला पटत नाही. पाड्यावरच काय, मीरा रोडच्या टॉवरमध्येसुद्धा कोणी ‘मला अस्वस्थता आहे’ असं बोलत नाही. माझ्या मते डिसकम्फर्टला सगळ्यात जवळचा मराठी शब्द म्हणजे अवघडणं. एकाच कुशीवर झोपलं की अंग अवघडतं. अनोळखी माणसांत बसलं की मन अवघडतं. चढ अवघड असतो, आणि तो चढणारीही अवघडलेली असते, कारण दिवस भरत आलेल्या बाईला आपण अवघडलेलीच म्हणतो. शरीर, मन, वाट आणि बाळंतपण, चारही गोष्टी या एका शब्दात येतात. इंग्रजी शब्दाला एवढं जमत नाही.

पण दवाखान्यात हा शब्द कोण बोलतं आणि कशाबद्दल बोलतं, त्यावर त्याचं वजन ठरतं. व्याकरणापेक्षा हेच जास्त नीट शिकायला हवं.

डॉक्टर म्हणतात, “यू विल फील सम डिसकम्फर्ट.” हातात सुई आहे, नळी आहे किंवा जखमेवरची पट्टी ओढायची आहे. इथे या शब्दाचा अर्थ ‘दुखणार आहे’ असा घ्यायचा. पेशंट घाबरू नये म्हणून शब्द लहान केलेला असतो. आपण नाही का लहान मुलाला सांगत, मुंगी चावल्यासारखं होईल? तसंच. त्यात वाईट काही नाही. मात्र सोबत असलेल्या स्वयंसेवकाने पेशंटला त्याच्या भाषेत सांगावं, की दुखेल, पण एवढाच वेळ, आणि मी इथेच आहे. ‘काही होत नाही’ असं सांगून सुई टोचली, की पुढच्या वेळी तो माणूस येत नाही. पाड्यावरचे लोक औषधाला फारसे घाबरत नाहीत. खोटं सांगितलेलं मात्र ते विसरत नाहीत.

आता हाच शब्द छातीला लावा. ‘चेस्ट डिसकम्फर्ट’. इथे तो लहान शब्द राहत नाही. हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा पुष्कळ माणसं ‘छातीत दुखतंय’ असं म्हणतच नाहीत. तुम्ही विचारता, छातीत दुखतंय का? ते खरंखरं उत्तर देतात, नाही. मग काय होतंय? जड वाटतंय. दडपल्यासारखं. कोणीतरी आवळतंय. घशाशी काहीतरी आलंय. विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन करून त्याला ‘अंजायना पेक्टोरिस’ हे नाव दिलं. त्यांचा निबंध १७७२ साली छापला गेला. अंजायना हा शब्द गळा आवळण्याशी निगडित आहे, म्हणजे छातीचा आवळा. अडीचशे वर्षांपूर्वीच त्या माणसाने ओळखलं होतं, की पेशंट दुखण्यापेक्षा गुदमरण्याबद्दल आणि जीव घाबरा होण्याबद्दल जास्त बोलतो. म्हणून डॉक्टरांच्या पुस्तकात तिथे ‘पेन’ऐवजी मुद्दाम ‘डिसकम्फर्ट’ असतं, मोठं जाळं टाकावं तसं, म्हणजे काही निसटू नये.

बायकांच्या बाबतीत तर जास्तच लक्ष द्यायला हवं, आणि मधुमेह असलेल्यांच्या बाबतीतही. कधी छातीचं नावही निघत नाही. दम लागतो, दरदरून घाम येतो, मळमळतं, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ लागते, आणि बाई म्हणते, ‘पित्त झालंय, पडते जरा.’ जड, आवळल्यासारखं, घाम, दम, यांतलं काही एकत्र आलं आणि बसूनही थांबत नसेल, तर सोडा-लिंबू करत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि ‘चेस्ट डिसकम्फर्ट विथ स्वेटिंग’ असं सांगायचं. मुलींनी हे चार शब्द पाठच करावेत. इंग्रजीचा वर्ग एरवी वाया गेला तरी चालेल, एवढं आलं तरी पैसे वसूल.

म्हणजे सुईजवळ ज्या शब्दाचा अर्थ ‘घाबरू नका’, त्याच शब्दाचा अर्थ छातीजवळ ‘धावा’ असा होतो. शब्दकोशात हे कुठे लिहिलेलं नसतं.

परवा वर्गात आम्ही फळ्यावर दुखण्याचे शब्द लिहायला घेतले. मला वाटलं होतं दहा-बारा निघतील. फळा भरला, मग मागचं दार वापरलं. रोनाल्ड मेल्झॅक नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली छापली. मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ती जगभर वापरतात. त्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावले आहेत. पेशंटने त्यातून आपला शब्द निवडायचा. मुली म्हणाल्या, आमचेही तेवढे होतील. मला तर शंका नाही.

ठणका घ्या. तो नाडीच्या ठोक्याबरोबर उठतो. दाढ, गळू, नखुरडं ठणकतं, म्हणजे आत पू असण्याचा संशय घ्यावा. कळ वेगळी. ती येते, जाते, पुन्हा येते. बाळंतपणाची कळ येते, मुतखड्याचीही कळच येते. मुरडा पोटात, आणि तो शौचाला पळवतो. चमक पाठीत भरते, एका क्षणात, वाकताना. रग लागते ती कामाने. दिवसभर भाताची लावणी केली की कमरेला लागते, वीटभट्टीवर मान-खांद्याला लागते, आणि झोपेने उतरते. झोपेनेही उतरली नाही तर ती रग नव्हे, दुसरं काहीतरी. तिडीक डोक्यात जाते. काटा आत मोडला की सलतो. जखम चुरचुरते, छातीत जळजळतं, मधुमेह असलेल्याच्या तळपायांची आग होते किंवा मुंग्या येतात. पोटऱ्यांत गोळे येतात. भाईंदरच्या मिठागरात काम केलेल्या आजोबांना विचारा, तिथे भेगांमधून खारं पाणी शिरलं की काय होतं, त्याला ते एकच शब्द वापरतील आणि तो ऐकून आपल्याही पायाला झोंबेल.

यातला एकही शब्द नुसता दागिना नाही. प्रत्येक शब्द डॉक्टरला एक वाट दाखवतो. ठणका म्हटलं की हात तापमापकाकडे जातो, कळ म्हटलं की सोनोग्राफीकडे. आणि आपण या सगळ्यांना एका पोत्यात घालून त्यावर ‘डिसकम्फर्ट’ लिहितो. इंग्रजी आल्याने माणूस हुशार होतो असं आपण समजतो. इथे उलट झालं. मावशीला जे नेमकं सांगता येत होतं, ते इंग्रजीत गेल्यावर धूसर झालं.

याचं सगळ्यात मोठं मोल सिकलसेलची मुलं मोजतात. आपल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, हे इथे कोणाला सांगायला नको. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त पोचत नाही, आणि हाडं आतून दुखायला लागतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, फार धावपळ, एवढं निमित्त पुरतं. बाहेरून सूज नाही, जखम नाही. पोर मात्र गडाबडा लोळतं. बघणारा म्हणतो, नाटक करतंय, शाळा चुकवतंय. कागदावर येतं ‘बॉडी एक’ किंवा ‘डिसकम्फर्ट इन लिम्ब्ज’.

आफ्रिकेत हा आजार जुना आहे. घाना देशातले डॉ. फेलिक्स कोनोटे-अहुलू यांनी लिहून ठेवलं आहे, की डॉक्टरांनी इंग्रजी नाव देण्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या जमातींकडे या दुखण्याला आपापली नावं होती. गा भाषेतलं नाव ‘च्वेच्वेच्वे’ असं काहीसं उच्चारलं जातं. कोणीतरी हाड चावत राहावं, थांबूच नये, तसा तो आवाज. बाकीच्या भाषांतली नावंही अशीच, एकच आवाज पुन्हा पुन्हा येणारी. अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या पेशी पाहून त्यांवर लिहिलं ते १९१० साली. त्या आधीच तिथल्या आयांनी आजाराची खूण नावात बांधून ठेवली होती. मला हे वाचल्यापासून एक प्रश्न पडतो, आपल्या वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी, ठाकर आयांकडेही असे शब्द असतील, ते कोणी विचारले आहेत का?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्यात ठरलं. तपासणी होते, कार्ड मिळतं, हे चांगलंच आहे. पण कार्ड खिशात असलेल्या मुलाला रात्री दोन वाजता नेलं, की दारात काय सांगायचं ते आपल्याला आलं पाहिजे. तिथे ‘डिसकम्फर्ट’ म्हणायचं नाही. ‘सिकलसेल पेशंट, सिव्हिअर पेन, क्रायसिस’. कार्ड पुढे करायचं. आवाज खाली ठेवायचा, पण शब्द मोठा वापरायचा.

किती दुखतंय, हे सांगायला दवाखान्यात शून्य ते दहा आकडे विचारतात. शिकलेल्या माणसालाही ते जमत नाही. सहा आणि सातमध्ये काय फरक, देव जाणे. आमच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका ‘दहा’ सांगून हसायच्या, किंवा डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून ‘दोन’ सांगायच्या. मी आकड्याच्या आधी तीन गोष्टी विचारते. काल रात्री झोप लागली का? अन्न गेलं का? पाणी भरायला उठता आलं का? तिन्हीला ‘नाही’ आलं, की आकड्याची गरज उरत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. २०२० साली तिने वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत जोडलेल्या टिपांमध्ये या दोन गोष्टीही आहेत. एखादा म्हणतो मला दुखतंय, तर त्याच्या सांगण्याचा मान राखायचा. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याला दुखत नाही असं समजायचं नाही. भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेलं मूल रडणाऱ्या मुलापेक्षा जास्त आजारी असू शकतं.

आता जरा अवघड विषय. अवघड हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि जगभर गाजलं. ५५ टक्के बायकांनी स्त्रीरोगाची काहीतरी तक्रार सांगितली. तपासल्यावर ९२ टक्के बायकांमध्ये काही ना काही आजार निघाला. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या किती, तर ८ टक्के. हे आकडे एकाखाली एक ठेवून बघा. तक्रार न करणाऱ्या बायका बऱ्या होत्या, असं अजिबात नाही. कित्येकींना ते दुखणं बाईच्या जन्माचाच भाग वाटत असणार. ते सांगायचं असतं, हेच ठाऊक नसणार.

मी वॉर्डात पाहिलेलं सांगते. बाई म्हणते, डोकं दुखतं. मग म्हणते, कंबर भरून येते. मग अशक्तपणा आहे, टॉनिक द्या. चौथ्यांदा, डॉक्टर उठून गेल्यावर, पदर सारखा करत मला म्हणते, ‘सिस्टर, अंगावरून पांढरं जातं.’ खरी तक्रार चौथी असते. पहिल्या तीन तक्रारी म्हणजे अंगणातून ओटीपर्यंत येणं. म्हणून माझी विनंती, बाईच्या पहिल्या वाक्यावर वही मिटू नका. आणि तिच्यासोबत सासरा किंवा दीर असेल तर त्याला केसपेपर काढायला पाठवा. रांग जेवढी लांब, तेवढं बरं.

याच संदर्भात इंग्रजी शब्दाचा एक फायदाही सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल सिस्टर इंग्रजीच्या विरोधात आहेत. आपल्या कित्येक मुली इथल्या टॉवरमध्ये आजारी माणसं सांभाळायला जातात, दुकानात, दवाखान्यात काम करतात. कोणाचा हात नको तिथे लागला, कोणाचं बोलणं घाणेरडं वाटलं, तर आपल्या भाषेत ते सांगताना जीभ अडते. कारण त्या गोष्टींचे आपले शब्द एकतर फार उघडे, नाहीतर लाजेने माखलेले. ‘मला अनकम्फर्टेबल वाटलं’ हे मात्र मुलगी बोलू शकते. त्या शब्दाला अजून घराण्याची अब्रू चिकटलेली नाही. म्हणून तो दार उघडायला चांगला आहे. मुलीने हा शब्द उच्चारला, की आपण हातातलं काम खाली ठेवायचं.

पण दार उघडल्यावर तिथेच थांबायचं नाही. कारण पुढे कोणीतरी म्हणणार, अनकम्फर्टेबल म्हणजे काय, गैरसमज झाला असेल. मग काय झालं, कोणी केलं, कुठे, कधी, हे मुलीच्या शब्दांत, जसंच्या तसं, न सुधारता उतरवून घ्यायचं. अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं हे आपल्यावर बंधनकारक आहे, तिथे ‘घरातच मिटवू’ चालत नाही. कामाच्या ठिकाणच्या स्त्रियांसाठी २०१३ चा कायदा आहे, आणि त्यात घरकाम करणाऱ्या बायकाही येतात. मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर १०९८. हा नंबर स्वयंपाकघराच्या दारावर लावलेला आहे. डाळीचे डाग पडलेत, पण वाचता येतो.

आता कामाचं बोलते आणि थांबते. पेशंटसोबत आपण भाईंदरला जातो, परळला केईएमला जातो, टाटाला जातो. तेव्हा सोबत आपली चिठ्ठी असते. आजवर त्या चिठ्ठीवर तक्रारीसाठी एकच ओळ होती. या महिन्यापासून तीन ओळी केल्या आहेत. पहिल्या ओळीवर पेशंटचे स्वतःचे शब्द, ज्या बोलीत बोलला त्या बोलीत, देवनागरीत. तो वारलीत बोलला तर वारलीत. ते शुद्ध करू नका, ‘पिळवटतं’चं ‘वेदना होतात’ करू नका. दुसऱ्या ओळीवर कुठे, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने थांबतं. तिसऱ्या ओळीवर इंग्रजी, आणि ते माझ्याकडून किंवा दुसऱ्या सिस्टरकडून तपासून. तिसरी ओळ कोरी राहिली तर चालेल. पहिली कोरी राहिलेली चिठ्ठी मी परत देणार आहे. आधीच सांगते, नंतर रागावू नका.

आणि मुलींसाठी एक काम. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही घरी जाल, जव्हारला, मोखाड्याला, तलासरीला, काही जणी इथेच काशीमिऱ्याला नि चेण्याला. आजीला विचारा, दुखण्याचे शब्द कोणते. पोटाचे वेगळे, डोक्याचे वेगळे, बाळंतिणीचे वेगळे, लहान मुलाचे वेगळे. एक शब्द, तो कशाला वापरतात, आणि वापरून दाखवलेलं एक वाक्य. एवढंच लिहून आणा. त्यासाठी मोठी वही आणली आहे, कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. पेन दोऱ्याने बांधलं आहे, कारण आधीची दोन पेनं सेवाभावी माणसांनीच नेली. पहिल्या पानावर त्या मावशीचं वाक्य लिहिलेलं आहे, जेवल्यावर उजव्या बरगडीखाली पिळवटून येतं ते. दुसऱ्या पानापासून तुमचं.